तिसरा वेध

मार्लब्रिजच्या दफनभूमीत थर्लो कुटुंबाची जागा उत्तरेच्या भिंतीलगत आहे. १८६६ च्या उन्हाळ्यात तिथे चार दगड होते. प्राध्यापक ओबेड थर्लो यांच्या आईवडिलांचे दोन आणि पाळण्यातच गेलेल्या त्यांच्या मुलींचे दोन. पाचव्या दगडावरून नवराबायकोत दोन वर्षं वाद चालला होता. वाद म्हणजे आरडाओरडा नव्हे. त्या घरात आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. लोव्हिनाबाईंना मुलाच्या नावाचा दगड हवा होता आणि दगडापाशी पाद्रीबुवांची प्रार्थना हवी होती. प्राध्यापकांचं म्हणणं एवढंच, की लायमन मेला असं कुणी पाहिलेलं नाही.

यादवी युद्धाच्या सैनिकी दप्तरीही तसंच होतं. मे १८६४, व्हर्जिनियातलं विल्डरनेसचं रान, लायमन थर्लो, बेपत्ता.

लायमन आणि मी, जेरेड ऑलबी, एकाच वर्गात होतो. माझी छाती अधू निघाली म्हणून सैन्याने मला परत पाठवलं. दीड वर्ष बोस्टनच्या एका दैनिकात काम करून मी गावी आलो आणि ‘मार्लब्रिज रजिस्टर’ हे साप्ताहिक चालवायला घेतलं. पुढे लिहिलं आहे त्यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलं. जे पाहिलं नाही ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून तपासून घेतलं आहे.

प्राध्यापक थर्लो हे पिंपं बनवणाऱ्याचे चिरंजीव. जमीन मोजणाऱ्याच्या मागे साखळी ओढता ओढता ते त्रिकोणमिती शिकले, आणि वयाच्या विसाव्या वर्षी आमच्या कॉलेजात गणित शिकवू लागले. टेकडीवरची लाकडी वेधशाळा त्यांनी वर्गणी काढून बांधली. गावाचं घड्याळ तिथून लागायचं. रोज माध्यान्ही सूर्य दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर आला की प्राध्यापक दोरी ओढत, आणि खाली कॉलेजची घंटा वाजे. त्यांच्या वर्गात फळ्यापाशी उभं राहून न घामेजलेला विद्यार्थी मी पाहिलेला नाही.

त्यांचं नाव झालं ते १८४७ च्या धूमकेतूमुळे. पावसाळी आठवड्यात ढगांच्या फटींतून त्यांना तो अंधूक ठिपका तीनदा दिसला, आणि मग महिनाभर आभाळ मिटलेलं राहिलं. तोवर धूमकेतू सूर्याआड गेला होता. तीन वेधांवरून त्यांनी त्याची कक्षा काढली आणि तो कुठून बाहेर पडेल ते छापून मोकळे झाले. मोठ्या वेधशाळांतल्या लोकांनी सभ्यपणे हसून घेतलं. धूमकेतू त्यांनी सांगितला होता तिथेच निघाला. त्यानंतर दरवर्षी नव्या वर्गाला ते एकच वाक्य सांगत: तीन वेध पुरे होतात, दोन पुरत नाहीत.

मुलाच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. इस्पितळं पालथी घातली, पलटणीतल्या प्रत्येक वाचलेल्या माणसाला गाठलं. लढाईच्या पहिल्या दुपारी एका सार्जंटाने लायमनला लाकडी फळ्या टाकलेल्या रस्त्याच्या दक्षिणेला पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी तुकडीच्या आचाऱ्याने त्याला ओढ्यावर पाण्याची बाटली भरताना पाहिलं, तेही दक्षिणेलाच. दुसऱ्या दिवशी रान पेटलं. ते रस्त्याच्या उत्तरेला पेटलं होतं. प्राध्यापकांच्या टेबलावर त्या रानाचा नकाशा टाचलेला असे आणि त्यावर शाईचे दोन ठिपके. दोन बिंदूंतून हव्या तितक्या वाटा काढता येतात. त्यांतल्या एका वाटेवर लायमन जिवंत होता.

आता आमच्या कॉलेजातल्या एका रिवाजाबद्दल. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी जून महिन्यात थर्लोसाहेबांचं ‘शंकुच्छेद’ हे पुस्तक संपवत. संपवलं की ते पाइनच्या छोट्या शवपेटीत घालून, बँड लावून, कॉलेजामागच्या राईत नेऊन पुरत. पुस्तकाला सगळे ‘शंकूबुवा’ म्हणत. वर्गातला सगळ्यांत वाचाळ मुलगा पाद्र्याचा काळा झगा घालून प्रवचन करी. प्रवचनानंतर हजेरी होई. पूर्वीच्या प्रत्येक पाद्र्याचं नाव घ्यायचं, आणि तो जिवंत की मृत ते सांगायचं. जिवंत असेल त्याची टिंगल करायची. मृत असेल त्याच्या नावाने मूठभर माती पेटीवर टाकायची. शेवटचं दफन १८६० सालचं. त्या वर्षीचा पाद्री लायमन होता. बापाच्या पुस्तकाला त्याने असा निरोप दिला की बँडवाले वाजवायचे थांबून हसत बसले. पुढच्या वसंतात युद्ध सुरू झालं आणि रिवाज बंद पडला.

सहासष्ट सालच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने तो पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली. अध्यापकांच्या बैठकीला मी नव्हतो. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. ग्रिनेल आणि प्राध्यापक थर्लो या दोघांनी वेगवेगळं सांगितलेलं जुळतं, म्हणून देतो.

“थर्लो, जरा विचार करा,” ग्रिनेल म्हणाले. “अर्ध्या गावाची पोरं व्हर्जिनियाच्या मातीत पडलीत, आणि आपण इथे खोटं मयत काढायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, कॉलेज पुन्हा सुरू झालं.”

“पुस्तक तुमचं आहे. तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“आजवर सात वेळा पुरलंय त्याला. प्रत्येक वेळी सप्टेंबरात वर्गात हजर.”

ग्रिनेल हसले नाहीत. “आणि शेवटचा पाद्री कोण होता, ते?”

“ठाऊक आहे मला,” थर्लो म्हणाले. “या वर्गात निम्मे तरी लढाईतून आलेत, अध्यक्षमहाराज. खरी मयतं त्यांनी पुष्कळ पाहिली. एखादं खोटं पाहू दे त्यांना.”

परवानगी मिळाली.

त्या शनिवारी मी थर्लोंकडे जेवायला होतो. लढाईतून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला लोव्हिनाबाई दर शनिवारी जेवायला बोलवत. त्या दिवशी वॉरन टटल आला होता. वय सव्वीस, उजवा हात कोपरापासून गेलेला, डाव्या हाताने फळ्यावर लिहायला तो वर्षभरात शिकला होता. त्याची पलटण लायमनच्या पलटणीहून वेगळी होती, त्यामुळे प्राध्यापकांनी त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

“टटल,” प्राध्यापक घेवड्याची वाटी त्याच्याकडे सरकवत म्हणाले, “काल तू फळ्यावर काढलास तो पॅराबोला होता की नांगर?”

“नांगरच म्हणा सर. घरी तोच जास्त कामाचा.”

“पण उत्तर बरोबर होतं.”

“ते शेजारच्या ब्रेनर्डचं होतं, सर.”

लोव्हिनाबाई हसल्या. “खरं बोललास म्हणून हा आणखी एक पावाचा तुकडा. यंदा पाद्री कोण रे तुमचा?”

टटल कानापर्यंत लाल झाला. “मीच, बाई. झगा घातला की एक बाही रिकामी लोंबते. पोरं म्हणतात, शोकाला ते शोभून दिसतं.”

“मेली जीभ तुमची!” बाई म्हणाल्या, पण हसू अजून तोंडावर होतं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली. “म्हणजे पुस्तकाला पेटी झाली. पुस्तकाला प्रवचन झालं. मूठमातीसुद्धा.”

त्या नवऱ्याकडे वळल्या.

“मी एवढंच विचारते, मिस्टर थर्लो, की जे पुस्तकाला मिळतं ते माझ्या लेकराला का नाही?”

प्राध्यापकांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. हे उत्तर त्यांच्यापाशी तयार असावं. “पुस्तक पेटीत असेल, लोव्हिना. झाकण ठोकण्याआधी कुणालाही पाहून घेता येईल.”

बाई उठल्या आणि चुलीवरची किटली आणायला गेल्या. पाणी उकळलेलं नव्हतं. तरी त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. टटल ताटाकडे बघत होता. त्याने पुढे घास घेतला नाही.

परतताना तो माझ्याबरोबर पुलापर्यंत आला.

“ऑलबी, हजेरीत शेवटचं नाव त्याचंच ना?”

“हो.”

“काय म्हणायचं मग?”

“बेपत्ता म्हण.”

“तो शब्द हजेरीत नाही. जिवंत नाहीतर मृत.” त्याने एक खडा पाण्यात मारला. डाव्या हाताने मारलेला तो काठावरच पडला. “तुला ठाऊक आहे, म्हातारा बाकी सगळ्यांना विचारत सुटला. मला नाही विचारलं.”

“तुझी पलटण वेगळी ना?”

“त्या रानात कसल्या पलटणी, राजा! झुडपात शिरलं की स्वतःचा बूट दिसायचा नाही.” एवढं बोलून तो माघारी वळला, आणि मीही पुढे विचारलं नाही.

गुरुवारी आमचा अंक छापायला जायचा. छापखान्यातलं घड्याळ सारखं मागे पडे, म्हणून दर गुरुवारी माध्यान्हीच्या आधी मी माझं खिशातलं घड्याळ घेऊन वेधशाळेत जाई. त्या दिवशीही गेलो. छपराची फट उघडलेली होती, काळी काच लावलेली दुर्बीण दक्षिणेला वळवलेली होती, आणि प्राध्यापक डोळा लावून बसायच्या बेतात होते. तेवढ्यात टटल दारात आला. टेकडी चढून त्याला धाप लागली होती.

“सर, एक विचारायचं होतं.”

“घंटा झाल्यावर विचार.”

“आत्ताच विचारायला हवं, सर. नंतर मला जमेल असं वाटत नाही.”

प्राध्यापकांनी डोळा दुर्बिणीवरून काढला. दुर्बिणीपाशी बसल्यावर त्यांनी असं केलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

“उद्या हजेरीत लायमनचं नाव येईल,” टटल म्हणाला. “मी काय म्हणू?”

“तुला जे ठाऊक असेल ते म्हण. त्याहून जास्त नको.”

“मला ठाऊक आहे तेच म्हणता येत नाही, सर.”

मी उठून बाहेर जाऊ लागलो. “ऑलबी, बस,” प्राध्यापक म्हणाले. “साक्षीला कुणी असलेलं बरं. टटल, तू त्याला पाहिलंस?”

“पाहिलं.”

“तो लायमनच होता कशावरून?”

“आदल्या हिवाळ्यात आमच्या छावण्या शेजारी होत्या. त्याने मला तुमच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण शिकवलं होतं, सर. कॉलेजात ये म्हणून मागे लागला होता. म्हणून तर मी इथे आलो.”

प्राध्यापकांनी खडू घेतला. हातात घेऊन नुसते उभे राहिले. “कधी?”

“दुसऱ्या दिवशी. दुपार झाली होती.”

“सूर्य कुठल्या बाजूला होता?”

“सूर्य दिसत नव्हता, सर. धूर होता.”

प्राध्यापक फळ्याकडे वळले. मग म्हणाले, “रस्त्याच्या कुठल्या अंगाला?”

“उत्तरेच्या.”

“खात्री आहे?”

“रस्ता ओलांडतानाच मला हाताला गोळी लागली. ओलांडून मी पलीकडे पडलो. तो माझ्यापुढे, पाइनच्या रोपट्यांत पडलेला होता. मांडीला लागलं होतं. उठता येत नव्हतं त्याला.”

“अंतर?”

“हे दार ते खालचं कुंपण, एवढं असेल.”

“आणि आग?”

“त्याच्या मागे. वारा आमच्याकडे होता.” टटलचा आवाज अगदी सपाट झाला होता. “त्याने मला पाहिलं, सर. हाक मारली नाही. हाताने नुसतं असं केलं, परत जा म्हणून. मला रांगता येत होतं, पण मागेच. मग कुणीतरी माझा पट्टा धरून ओढलं. मरताना मी त्याला पाहिलं नाही. तुम्ही तेच विचाराल, म्हणून आधीच सांगतो. पाहिलं नाही.”

“इतके दिवस बोलला का नाहीस?”

“बाईंच्या हातचं जेवत होतो, सर. तिथे बसून ही गोष्ट कशी सांगू? तो बेपत्ता आहे तोवर निदान जळलेला तरी नव्हता.”

प्राध्यापक खुर्चीवर बसले. खडू त्यांनी फळीवर नीट आडवा ठेवला. उन्हाची पट्टी छपराच्या फटीतून येऊन जमिनीवर सरकत होती, आणि मी पाहत होतो की ती दुर्बिणीच्या रेषेपलीकडे गेली आहे. माध्यान्ह होऊन गेली होती. दोरी कुणी ओढली नाही. त्या दिवशी कॉलेजची घंटा वाजली नाही, आणि छापखान्याचं घड्याळ मी अंदाजाने लावलं.

“टटल,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “धूमकेतूची कक्षा कधी कुणी पाहिलीय का?”

“नाही, सर.”

“नाही. कुणी पाहत नसतं. तीन ठिपके पाहायचे, बाकीची आपण काढायची.” ते उठले आणि त्यांनी टटलच्या रिकाम्या बाहीवर हात ठेवला, आणि तसाच ठेवून उभे राहिले. “जा तू. प्रवचन नीट पाठ कर. अडखळणारा पाद्री शंकूबुवांना चालत नाही.”

टटल दारात वळला. “बाईंना...”

“ती राईत येत नाही. बायका येत नाहीत तिथे.”

शुक्रवारी संध्याकाळी ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हा मिरवणूक निघाली. पुढे बँड, त्यात तीन जण सैन्यात वाजवून आलेले, म्हणून पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरात. मागे काळ्या फिती बांधलेले वर्गाचे लोक, आणि सहा जणांच्या खांद्यावर हातभर लांबीची पेटी, म्हणजे खांद्यांपेक्षा पेटी लहान. त्यामागे झग्यातला टटल. राईच्या तोंडाशी मिरवणूक जरा थबकली. प्राध्यापक थर्लो तिथे उभे होते, आणि त्यांच्या दंडाला धरून लोव्हिनाबाई.

नंतर कळलं ते असं. प्राध्यापक टोपी घेऊन निघालेले पाहून बाईंनी विचारलं होतं, कुठे? ते म्हणाले, दफनाला. “तुम्ही पुस्तकाच्या मयताला जात असाल तर मीही येते,” म्हणून बाईंनी शाल घेतली. त्यांना नको म्हणायला प्राध्यापकांपाशी कारण होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

ब्रेनर्ड माझ्या कानाशी लागला. “आता रे? म्हातारा स्वतः! टटलची तर बोबडी वळणार.”

टटलची बोबडी वळली नाही. त्याने प्रवचन केलं, आणि चांगलं केलं. म्हणाला, बंधूंनो, कैलासवासी शंकूबुवांनी आयुष्यभर कुणाला सरळ वाट दाखवली नाही. जो त्यांच्या नादी लागला तो गोल तरी फिरला, नाहीतर अनंतात गेला. म्हणाला, त्यांचे जन्मदाते आज इथे हजर आहेत. बाप जिवंत असताना लेकाला पुरायची वेळ यावी...

इथे तो थांबला. हे वाक्य पाठ करताना त्याच्या लक्षात आलं नसावं. लोक हसायला तोंड उघडून तसेच राहिले. लोव्हिनाबाईंची मान ताठ होती.

“पुढे चल, टटल,” प्राध्यापक म्हणाले. वर्गात म्हणत तसंच.

टटलने हजेरी सुरू केली. “हायरम फिस्क.”

“जिवंत!” वर्ग ओरडला. “ओहायोत शाळामास्तर आहे!”

“म्हणजे निम्मा जिवंत. ॲसा विंग.”

“जिवंत! दोन बायका झाल्या!”

“मग त्याच्यासाठी प्रार्थना करा. जोएल स्टॅनार्ड.”

“मृत,” कुणीतरी हळू म्हणालं. “अँटिएटमच्या लढाईत.” टटलने वाकून डाव्या हाताने माती घेतली आणि पेटीवर टाकली. यानंतर थट्टा हळूहळू कमी होत गेली. सातांपैकी आणखी एक मृत निघाला, फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतला. त्याचा धाकटा भाऊ वर्गातच होता. माती त्याने टाकली.

“लायमन थर्लो,” टटल म्हणाला.

वर्ग गप्प.  टटलने प्राध्यापकांकडे पाहिलं नाही, बाईंकडे तर नाहीच. तो पेटीकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर पडत नव्हता.

प्राध्यापकांनी टोपी काढली.

“मृत,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “सहा मे, अठराशे चौसष्ट. तीन वेध आहेत. मी तपासलेत.”

लोव्हिनाबाईंचा हात त्यांच्या दंडावरून सुटला.   त्यांनी उजव्या हाताचा हातमोजा ओढून काढला, चार पावलं चालून पेटीपाशी आल्या, आणि वाकल्या. राईतली माती पानांची, मऊ, ओली असते. त्यांनी मूठ भरून घेतली, पेटीवर धरली, आणि एकदम न टाकता बोटांतून थोडी थोडी सोडली. त्या पेटीत नवऱ्याचं पुस्तक होतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी टोप्या सगळ्यांनी काढल्या. बँडवाल्यांनी यानंतर एक उडती चाल वाजवायची असते. ती कुणी वाजवली नाही. डॉ. ग्रिनेल दूर, झाडाआड उभे होते. ते नजर ठेवायला आले होते, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं. ते पुढे आले आणि त्यांनी प्रार्थना म्हटली. मार्लब्रिजच्या कुठल्याही खऱ्या मयताला म्हटली असती तीच, पूर्ण.

घरापर्यंत मी त्या दोघांबरोबर गेलो. फाटकापाशी प्राध्यापक थांबले.

“लोव्हिना, ते कसं झालं हे मला विचारू नकोस.”

“विचारत नाही.”

“तिसरा वेध रस्त्याच्या...”

“उत्तरेला होता,” बाई म्हणाल्या. “तुम्ही राईत ‘मृत’ म्हणालात तेव्हाच कळलं मला. रान पेटलं होतं ते जेरेडच्या पेपरात आलं होतं, दुसऱ्या पानावर. तेव्हापासून रोज रात्री तिथेच शोधते मी त्याला. तुमच्या नकाशावरच्या ठिपक्यांवर माझा कधी विश्वास बसला नाही.”

प्राध्यापक त्यांच्याकडे बघत राहिले. “दोन वर्षं तू दगड मागत राहिलीस. आगीचं नाव एकदाही काढलं नाहीस.”

“तुम्ही मोजत होता, मिस्टर थर्लो. तुम्ही मोजत असलात की मध्ये बोलायचं नाही, हे लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शिकले मी.”

प्राध्यापकांनी फाटकाच्या खांबाला धरलं. खांदे हलताना दिसले, आवाज आला नाही. मी निघायला हवं होतं. पण बाईंनी मला थांबवलं.

“जेरेड, तुझ्या पेपरात निधनाची बातमी देतात ना? पुढच्या अंकात दे.”

“देतो, बाई.”

“मी सांगतो,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी रुमालाने चेहरा पुसला आणि सरळ उभे राहिले. मी खिशातला कागद काढला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. “लायमन थर्लो. ओबेड आणि लोव्हिना थर्लो यांचा पुत्र. व्हर्जिनियात, विल्डरनेसच्या लढाईत, सहा मे अठराशे चौसष्ट रोजी. वय पंचवीस.”

मी लिहिलं. लिहिताना काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण या माणसाचा आकडा चुकेल हे माझ्या मनात आलं नाही.

लोव्हिनाबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला.

“बावीस, ओबेड,” त्या म्हणाल्या. “पंचवीस तो या महिन्यात झाला असता.”

 मी पंचवीस खोडून बावीस केलं, आणि तेच छापलं.